उत्तरदाती क्रमांक चौदा

“शिकेकाईच्या डब्यात?” मी विचारलं.

“हो मॅडम. गोळ्या शिकेकाईच्या डब्यात लपवून ठेवायच्या त्या,” रेश्मा म्हणाली. “का? काय झालं?”

काय झालं ते मलाच कळेना. माझ्या जेवणाच्या टेबलावर तिचा सगळा प्रबंध पसरलेला होता. पाचव्या अध्यायातली मुलाखत माझ्या हातात होती आणि पेन अर्ध्या वाक्यावर अडकलं होतं. मी ते पान परत पहिल्यापासून वाचलं, मग चष्मा पुसून आणखी एकदा वाचलं. चष्म्याचा काही दोष नव्हता.

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हाही मी मिरजेतच होते आणि तेव्हाही हेच करत होते. नक्की काय करता, असं लोक विचारतात तेव्हा माझी पंचाईत होते, कारण धंदे तीन आहेत. इंग्रजीतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत भाषांतर करते. प्राध्यापकांचे लेख आणि विद्यार्थ्यांचे प्रबंध संपादित करून देते. आणि संस्थांसाठी प्रशिक्षणाची पुस्तकं बांधते, म्हणजे काय शिकवायचं, कुठल्या क्रमानं, मध्ये गोष्ट कुठं घालायची, प्रश्न कुठला विचारायचा. शेजारच्या शांताकाकू सगळ्यांना सांगायच्या, “कुमुद घरी बसून टायपिंग करते.” मी कधी दुरुस्त केलं नाही. दुरुस्त करायला बसले तर दिवस जायचा.

रेश्मा ऐवळे ही त्या वर्षीची माझी विद्यार्थिनी म्हणा, गिऱ्हाईक म्हणा. एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायची, घरात पहिली शिकलेली, बोलायला फटकळ. क्षयरोग झालेल्या खेड्यातल्या सुना औषध पुरं का करतात आणि मध्येच का सोडतात, यावर तिचा प्रबंध होता. तीस बायकांच्या मुलाखती तिनं स्वतः वाड्यावस्त्यांवर फिरून घेतल्या होत्या. मुलाखती मराठीत आणि प्रबंध इंग्रजीत, म्हणून ती माझ्याकडे आली. महिनाअखेर तिच्या नोंदणीची मुदत संपत होती. मुदतवाढ एकदा घेऊन झाली होती, दुसऱ्यांदा मिळणार नव्हती. तीस तारखेला प्रबंध गेला नाही तर सात वर्षं पाण्यात. आणि त्या दिवशी अठरा तारीख होती.

“रेश्मा, ही चौदा नंबरची बाई कोण?”

“जत तालुक्यातली आहे. नाव सांगता येत नाही मॅडम, तुम्हालाच माहीत आहे नियम.”

“नाव नको. तिनं हे तुला स्वतः सांगितलं?”

“मग काय मी सांगितलं?”

मी पान तिच्यापुढं सरकवलं. गोष्ट अशी होती. नव्या सुनेला क्षय होतो. घरच्यांना कळलं तर माहेरी धाडतील, म्हणून ती गोळ्या शिकेकाईच्या डब्यात लपवते. एक दिवस सासूच्या हाताला ते पाकीट लागतं. सासू दिवसभर एक शब्द बोलत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच गोळी सुनेच्या तळहातावर ठेवते आणि म्हणते, ‘तुझ्या खोकल्यानं घर जागं राहतंय, आता गोळीनं झोपू दे.’

“छान आहे ना?” रेश्मा म्हणाली. “गाईड सरांना तर इतकं आवडलं. या एका बाईवर माझा पाचवा अध्याय उभा आहे. सासू हा अडथळा नाही, आधार आहे, असा.”

“हे वाक्य कुठलीही सासू बोलत नाही, बाळ.”

“बोलली की!”

“ते मी बोलते,” मी म्हणाले. “ते वाक्य माझं आहे. अर्धा दिवस घालवून लिहिलंय मी ते.”

आता तिची पाळी होती चष्मा पुसायची.

खरं म्हणजे असं झालं होतं. त्याच्या पाच वर्षं आधी एका संस्थेनं मला आशाताईंसाठी क्षयरोगावरचं प्रशिक्षण पुस्तक भाषांतराला दिलं होतं. मूळ पुस्तकातल्या गोष्टी कुठल्या तरी उत्तरेकडच्या गावच्या, तिथली सून मोहरीचं तेल काय लावते, घुंघट काय ओढते. मी कळवलं, हे आमच्याकडच्या बायकांना परकं वाटेल. ते म्हणाले, मग तुम्हीच गोष्ट लिहा. मी सुलभा नावाची एक सून तयार केली, तिला एक सासू दिली, आणि डबा दिला आमच्या आईचा. आई दम्याच्या गोळ्या माझ्या आजीपासून लपवून शिकेकाईच्या डब्यात ठेवायची. हे मला सोडून जगात कुणाला माहीत नव्हतं. गोष्टीत मात्र मी गुपचूप घालून टाकलं. आम्ही लोक असंच करतो, कोण विचारतंय!

हे सगळं मी रेश्माला सांगितलं. ती ऐकता ऐकता ताठ होत गेली.

“म्हणजे तुम्हाला वाटतंय, मी तुमच्या पुस्तकातनं उचललं.”

“मी तसं म्हटलं नाही.”

“पण वाटतंय ना?”

वाटत होतं. खोटं कशाला बोलू? घाईला आलेली मुलं काय काय करतात ते मी पाहिलेलं आहे. तीस मुलाखती म्हणायचं, बावीस घ्यायच्या आणि आठ घरी बसून पाडायच्या. माझं तोंड बघून तिला उत्तर मिळालं असावं. तिनं पिशवीतून रेकॉर्डर काढला, दाणकन टेबलावर ठेवला आणि बटण दाबलं.

आधी शेळी ओरडली. मग एक बाई खोकली, ओला, खोल खोकला. मग तिचा आवाज आला, हळू, घाबरल्यासारखा. “मी गोळ्या शिकेकाईच्या डब्यात ठिवायची बघा ताई...” आणि शेवटी तेच, “तुझ्या खोकल्यानं घर जागं ऱ्हातंय, आता गोळीनं झोपू दे, असं म्हनल्या आत्याबाई.”

रेश्मा खोटं बोलत नव्हती, हे एक झालं. पण मग हे काय होतं?

“मॅडम,” रेश्मा जरा नरमून म्हणाली, “शिकेकाईचा डबा घरातला कुठलाच पुरुष उघडत नाही. माझी आई पण तिथंच लपवते. तुमच्या एकट्या आईची काय मक्तेदारी आहे का?”

“आणि वाक्य?”

मला तर भलतीच शंका यायला लागली. पुस्तक छापायच्या आधी आम्ही जतला एका प्रशिक्षणात ते वाचून पाहिलं होतं. पन्नासएक आशाताई होत्या, जेवणाच्या सुट्टीत सगळ्याजणी आपापल्या गावचं सांगत होत्या. हे वाक्य तिथंच कुणी बोललं असेल, आणि मी ते ऐकून आपलं म्हणून लिहिलं असेल तर? मग चोर मी झाले! मी कपाट उघडून जुने कच्चे खर्डे काढले. वाक्य होतं, माझ्याच अक्षरात, तीनदा खोडून चौथ्यांदा लिहिलेलं. पण खर्ड्यावर तारीख नव्हती. दुसऱ्यांच्या कागदावर तारीख नसली की मी ओरडते, आणि माझ्याच कागदावर नाही.

“हे बघ,” मी शेवटी म्हणाले. “ही गोष्ट माझी आहे हे माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात येणार नाही. परीक्षक कशाला आशाताईंचं पुस्तक वाचतायत? मी गप्प बसते. तू प्रबंध देऊन टाक.”

हे मी म्हटलं. आता लाज वाटते, पण म्हटलं.

रेश्मानं पानं गोळा केली, कडा आपटून सारख्या केल्या. “मला कळलंय ना आता,” ती म्हणाली. “उद्या सकाळी सातची एसटी आहे. येताय का तुम्ही?”

जतपर्यंत एसटी आणि पुढं वडाप. त्या जीपमध्ये माझ्या मांडीवर कुणाचं तरी मटकीचं पोतं होतं आणि रेश्मा दारात लटकल्यासारखी बसली होती. ती काय विचार करत होती माहीत नाही. मी एकच करत होते, तिथं जाऊन नक्की काय विचारायचं याचं वाक्य जुळवत होते, आणि ते काही जुळत नव्हतं. ‘बाई, तुमचं आयुष्य मी लिहिलंय, तुम्ही ते कुठून आणलंत?’ असं विचारायचं का?

टेंगलेवस्ती म्हणजे माळावरची सात-आठ घरं. शालन टेंगले दारातच भांडी घासत होती. तिशीच्या आतली, काटकुळी, तोंडाला रुमाल बांधलेला. रेश्माला बघून डोळ्यांनी हसली आणि लगेच घराकडे बघितलं. उंबऱ्यात तिची सासू बसली होती, बाळाबाई. उंच, हाडापेरानं मजबूत, नाकात मोरणी, कपाळावर गोंदण. नवरा मेंढरं घेऊन घाटाखाली गेला होता, दिवाळीनंतर तो घरी नव्हताच.

“या की,” बाळाबाई म्हणाली. “मागल्या साली आलेल्या त्याच न्हवं ह्या मास्तरीन? मशीन आनलंय का?”

“नाही मावशी, या वेळी सहज आलोय. या आमच्या मॅडम.”

“ह्या काय करत्यात?”

रेश्मानं माझ्याकडे पाहिलं. “त्या तपासतात,” ती म्हणाली. “लिहिलेलं बरोबर आहे का ते.”

“म्हंजी मोठ्या मास्तरीन,” बाळाबाईनं माझा निकाल लावला.

चहा झाला. गोळ्यांचं कसं चाललंय, असं रेश्मानं विचारलं. पहिल्या खेपेला गोळ्या मध्येच सुटल्या होत्या, म्हणून आता शालनला दोन वर्षांचा मोठा कोर्स होता. त्यातले चौदा महिने झाले होते, दहा राहिले होते. हे सगळं बाळाबाईच सांगत होती. शालन मान खाली घालून बसली होती.

अकराच्या सुमाराला बाळाबाई उठली. आतून एका वाटीत मूठभर गोळ्या घेऊन आली, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. सुनेपुढं उकिडवी बसली. “घे,” म्हणाली. शालननं रुमाल खाली केला आणि एकेक गोळी गिळली. बाळाबाई मोजत होती. शेवटची गोळी घशात अडकली तेव्हा तिनं सुनेच्या पाठीवर हात फिरवला, गुळाचा खडा पुढं केला, वाटी पालथी करून बघितली आणि आत गेली.

मी बघतच राहिले. माझी सुलभा आणि तिची सासू, दोघी माझ्यासमोर बसल्या होत्या! मी मिरजेत पंख्याखाली बसून खोडून खोडून लिहिलेलं इथं माळावर घडत होतं, आणि मी लिहिलं त्याहून चांगलं घडत होतं, कारण मला काही तो गुळाचा खडा सुचला नव्हता. मग खोटं कुठं आहे? बाई सांगते ते खरंच आहे की! मी रेश्माकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर तर उजेड पडला होता. तिचा पाचवा अध्याय तरला होता.

तेवढ्यावर आम्ही उठायला हवं होतं. पण मला ते वाक्य बोचत होतं. गोळ्या देताना बाळाबाई ‘घे’ एवढंच म्हणाली होती. ‘घर जागं राहतंय’ वगैरे बोलणारी ती बाईच नव्हे.

“मला जरा मागं जाऊन यायचंय,” मी म्हणाले.

शालन पाण्याची बादली घेऊन उठली. रेश्माही आली. शेळ्यांच्या वाड्यामागं, घरापासून बऱ्यापैकी लांब गेल्यावर मी थांबले.

“शालन, तू सुलभा नावाच्या बाईची गोष्ट ऐकलीयस का ग कधी?”

तिनं बादली खाली ठेवली. घराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि एकदम तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

“तुमाला कुनी सांगितलं? सुरेखाताईंनी?”

सुरेखाताई म्हणजे तिथली आशा. माझ्या प्रशिक्षणातली पन्नासांतली एक असणार.

“कुणी नाही. मीच लिहिलीय ती गोष्ट.”

“म्हंजी ती बाई खरी न्हाई?”

“नाही.”

“आरं देवा,” शालन म्हणाली, आणि रडता रडता तिला हसू आलं. “मला वाटलं, आटपाडीकडली हाय कुनीतरी. सुरेखाताई म्हनल्या, तिकडं एक बाई हाय, तिची सासू अशी हाय.”

मग तिनं सांगितलं. मध्ये मध्ये खोकत, रुमाल घट्ट धरून सांगितलं.

“पयल्या खेपेला गोळ्या आत्याबाईंनीच उकिरड्यात टाकल्या हुत्या. गरम पडत्यात, पोर हुनार न्हाई, म्हनून. माझं ताट येगळं, हातरून शेळ्यांच्यात. मोठा कोर्स लागला तवा म्हनल्या, आता माहेराला जा, हिकडं नगं. मी खरंच गोळ्या लपवून खात हुते. कवा मिळायच्या, कवा न्हाई. तवा ह्या रेश्माताई आल्या मशीन घेऊन. आत्याबाई उंबऱ्यात येऊन बसल्या, म्हनल्या, काय सांगत्या बघू तरी. आता तुमीच सांगा, मी काय बोलायचं? खरं सांगितलं असतं तर त्याच दिशी माहेरची वाट. अन् काईच सांगितलं न्हाई तर ताई म्हनतील, मुकी हाय का काय. मग मला ती सुलभाची सासू आठवली. म्हटलं, तीच सांगते. माझी सासू म्हनून सांगते. त्यांच्या तोंडाकडं काय बघितलं न्हाई मी.”

“मग?” रेश्मा पुटपुटली.

“मग काय. तुमी गेला. रातभर त्या बोलल्या न्हाईत. मी गटुळं बांधून ठिवलं. सकाळी म्हनल्या, कुठं हायत त्या गोळ्या, आन हिकडं. मला वाटलं, टाकत्यात परत. तर हातावर ठिवली. तवापास्नं एक दिस चुकला न्हाई.”

शेळ्या ओरडत होत्या. मला धड काही सुचेना. म्हणजे ती मुलाखतीत बोलली तेव्हा ते सगळं खोटं होतं, आणि दुसऱ्या दिवशीपासून खरं झालं. आता हे प्रबंधात कुठल्या रकान्यात बसवायचं? खरं-खोटं तपासणारी मोठी मास्तरीण शेळ्यांच्या वाड्यामागं बादलीजवळ नुसती उभी होती.

रेश्माचं मात्र डोकं माझ्यापेक्षा जोरात चाललं होतं. तिनं माझा दंड धरला. “मॅडम! हेच! माझा निष्कर्ष हाच आहे! बाईनं मुलाखतीचाच उपयोग केला. सासूला ऐकवायला! असं कुणी लिहिलेलंच नाहीये अजून. मी पाचवा अध्याय पुन्हा लिहिते. दहा दिवसांत होतो की नाही?”

“होतो,” मी म्हणाले. मलाही स्फुरण चढलं होतं. असा अध्याय माझ्या हाताखालून आजवर गेला नव्हता.

“न्हाई ताई,” शालन म्हणाली. “ते लिवू नका.”

“अहो, नाव कुठं येतंय तुमचं?”

“नाव नसू दे. ह्या मुलखात मशीन घेऊन एकच मास्तरीन आलती, अन् दोनदा गोळ्या लागलेली सून एकच हाय. सुरेखाताईस्नी कळंल, मग दवाखान्यात, मग सगळीकडं. आत्याबाईस्नी वाटतंय, मला त्या खरंच तशा वाटत हुत्या. मी तवा लबाड बोलले, त्यांच्याच तोंडावर, हे कळलं तर काय वाटंल त्यांना? अजून धा म्हयनं हायत गोळ्या.” आणि मग तिनं रेश्माचे हात धरले. “पयलं हाय तसंच ऱ्हाऊ द्या की. काय बिघडलं?”

रेश्माचा चेहरा उतरत गेला, तो मी पाहिला. खरं होतं ते लिहायचं नाही, कारण ज्या बाईचं ते होतं ती नको म्हणत होती. लिहिलेलं होतं ते ठेवायचं नाही, कारण ते त्या दिवशी खोटं होतं. आणि मुदत अकरा दिवसांवर.

“नाही लिहीत,” ती शेवटी म्हणाली. “शपथ. गोळ्या चुकवू नका फक्त.”

परतीचं वडाप फाट्यावर मिळायचं होतं. बाभळीखाली एक दगडी कट्टा होता, तिथं मी बसले. रेश्मा मोबाइलला रेंज शोधत टेकाडावर चढली. तिथून तिचं सरांशी बोलणं तुटक तुटक ऐकू येत होतं. “काढतेय सर... चौदा नंबर पूर्णच काढतेय... नाही, कारण सांगता येणार नाही... एकोणतीसच राहतील... हो सर, मला माहितीय पाचवा अध्याय पडतो.”

तिचं पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते, नाहीतर तुमचा जीव तिकडंच राहील. अकरा दिवस ती माझ्याच घरी राहिली. पाचवा अध्याय बेचाळीस पानांचा होता, तो अकरा पानांचा झाला. सर इतके चिडले की सही द्यायला शेवटच्या दुपारी चारपर्यंत बसवून ठेवलं. पण प्रबंध गेला. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या बाईंनी विचारलंच, नमुना एकोणतीसचा का, गोल आकडा का नाही? रेश्मा म्हणाली, “एका ताईंची मुलाखत मी वापरू शकत नाही, आणि का तेही सांगू शकत नाही.” पाचवा अध्याय दुबळा आहे, असा शेरा मारून त्यांनी पदवी दिली. शेरा बरोबरच होता. मीच संपादित केला होता, मला माहीत नाही का!

पण हे नंतरचं. त्या दिवशी मी फाट्यावर बसले होते आणि माळावरून बाळाबाई लांब लांब ढांगा टाकत येताना दिसली. हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं.

“मटकी हाय,” ती माझ्या मांडीवर गाठोडं ठेवत म्हणाली. “घरची. भिजवून खावा.” आणि माझ्या शेजारी कट्ट्यावर बसली. टेकाडाकडे पाहिलं. रेश्माची आमच्याकडे पाठ होती.

“शेळ्यांच्या वाड्यामागं लई येळ लावला तुमी,” ती म्हणाली.

मी गाठोड्याची गाठ चाचपत राहिले.

“सांगितलं का तिनं?”

“काय?”

“ती गोष्ट तिची न्हाई म्हनून.”

मी नुसती तिच्याकडे बघत राहिले.

“मला काय कळत न्हाई व्हय?” बाळाबाई म्हणाली. “मी गोळ्या उकिरड्यात टाकलेली बाई. ह्या हातानं. कोंबड्यांनी टोचल्या त्या. अन् ही पोरगी मशीनपुढं बसून सांगत्या, आमच्या आत्याबाईंनी अशी गोळी दिली, अन् असं म्हनल्या. मी उंबऱ्यात. पयल्यांदा वाटलं, उठावं अन् दोन मुस्काडात द्याव्या. कुनाची सासू सांगत्या ही माझ्या नावावर?”

“मग का नाही उठलात?”

तिनं पदरानं तोंड पुसलं.

“ह्या घरात येऊन मला चाळीस वरसं झाली. सासूनं नावं ठिवली, नवऱ्यानं ठिवली, पोरानं बी ठिवली. मला कुनी चांगली म्हनलं न्हाई कधी. अन् ही, जिला मी शेळ्यांत निजवली, ती परक्या मानसापुढं मला चांगली म्हनत हुती. खोटं का हुईना. रातभर झोप न्हाई आली. सकाळी म्हटलं, आता काय करायचं? तिनं सांगितलंय तसं वागावंच लागनार की.”

मला रडू आवरेना. त्या बाईसमोर, भर दुपारी, मांडीवर मटकी घेऊन मी रडत होते. ती गोंधळली. माझ्या पाठीवर तिनं हात फिरवला, सुनेच्या फिरवला होता तसाच.

“तिला सांगू नका हां,” ती म्हणाली. “मला ठावं हाय हे तिला कळू देऊ नका. तिला वाटू दे, म्हातारीला फसवली. न्हाईतर लाजंल पोरगी, माझ्या तोंडाकडं बघायची न्हाई.”

“नाही सांगत.”

लांबून वडापचा हॉर्न ऐकू आला. रेश्मा टेकाडावरून उतरायला लागली. बाळाबाईनं माझं मनगट पकडलं.

“एक इचारू? ते ह्या मास्तरनीच्या पुस्तकात हाय न्हवं? मी गोळी दिली ते?”

मी रेश्माकडे पाहिलं. तिनं मोबाइल पिशवीत टाकला होता आणि ती ओढणीनं डोळे पुसत येत होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदावरचं खोटं शोधून काढायचं काम केलं मी.

“आहे,” मी म्हणाले.

“कुठं?”

“पान एकशे बारा.”

“मला वाचाय येत न्हाई,” बाळाबाई म्हणाली. “पर आकडा ध्यानात ऱ्हातो.” आणि जीप येऊन थांबेपर्यंत ती स्वतःशी म्हणत होती, “एकशे बारा. एकशे बारा.”